व्यापार-अर्थशास्त्रात यायचंय? आधी एक तक्ता उघडा

एमएचे निकाल लागले की दरवर्षी फोन सुरू होतात. "सर, इंटरनॅशनल ट्रेडमध्ये पीएचडी करायचीय, एखादा टॉपिक सुचवा ना." मी सुचवत नाही. हातउसन्या विषयावर माणूस फार तर सहा महिने तग धरतो आणि हे काम सहा वर्षांचं आहे. दुसऱ्या प्रकारचा फोन येतो तो आयात-निर्यातीचा परवाना कसा काढायचा हे विचारणारा. त्यांनाही मी हात जोडतो. कंटेनर कसा भरायचा ते मला माहीत नाही. तो कंटेनर गेल्यामुळे मागे गावात मजुरी वाढली का, जमिनीचा भाव वाढला का, आणि वाढला तर कोणाच्या पदरात किती पडलं, हे शोधणं म्हणजे आमचा धंदा. व्यापार आणि विकास ही जोडी अशी एकत्र येते.

खाली जे लिहितोय ते मुख्यतः बीए, बीएस्सी किंवा एमएच्या वर्गात बसलेल्यांसाठी आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण यातल्या पहिल्या दोन पायऱ्या गाळून पाचव्या पायरीवर येऊन अडकलेली हुशार मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

पायरी १ : गणित, आणि तेही आत्ताच

कला शाखेतून आलेल्यांना हे वाचून राग येईल. मीही कला शाखेतलाच, दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेला. एमएच्या पहिल्या सत्रात फळ्यावर लॅग्रांज आला तेव्हा मी तो शब्द वहीत मराठीत लिहून घेतला होता, अर्थ कळेल या आशेने. पुढची दोन वर्षं बीएस्सीच्या मुलांची पुस्तकं घेऊन बसलो. ती दोन वर्षं वाया गेली असं नाही, पण वयाच्या अठराव्या वर्षी ती स्वस्तात पडली असती.

अविनाश दीक्षित हे या क्षेत्रातलं मोठं नाव. मुंबईत जन्मले, सेंट झेवियर्समधून १९६३ साली बीएस्सी झाले ते गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन. केंब्रिजलाही गणितच केलं. अर्थशास्त्राची पीएचडी एमआयटीची, १९६८ सालची. म्हणजे अर्थशास्त्र नंतर आलं. सगळ्यांनी त्याच वाटेने जायला हवं असं नाही, पण तीन गोष्टींना पर्याय नाही: एकाहून अधिक चलांचं कलनशास्त्र, रेषीय बीजगणित आणि संभाव्यता-सांख्यिकी. परदेशात पीएचडीला अर्ज करणार असाल तर चौथी, रिअल ॲनालिसिस. ही चौथी रोजच्या कामात फारशी लागत नाही. पण निवड समिती गुणपत्रिकेत तीच शोधते, कारण सिद्धता लिहायची सवय आहे की नाही ते तिथे कळतं. कॉलेजात हा पेपर नसेल तर एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर करा आणि परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्या. नुसते व्हिडिओ पाहिले याला कोणी विचारत नाही.

पायरी २ : एमए-एमएस्सी कुठून

महाराष्ट्रात तीन नावं आधी डोळ्यांसमोर येतात. पुण्याची गोखले संस्था, १९३० साली भारत सेवक समाजाने काढलेली, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. मुंबई विद्यापीठाचा १९२१ पासूनचा विभाग, आता मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी, कलिन्याला. आणि गोरेगावला फिल्म सिटीच्या रस्त्यावरची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, जी रिझर्व्ह बँकेने १९८७ साली स्थापन केली. राज्याबाहेर दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, भारतीय सांख्यिकी संस्था, तिरुवनंतपुरमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज (सीडीएस), आणि नावातच व्यापार-विकास असलेलं जेएनयूमधलं केंद्र. सांख्यिकी संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत गणिताचा वेगळा पेपर असतो. तिथले जुने पेपर सोडवणं हीच एक शिकवणी आहे, प्रवेश मिळो न मिळो. प्रवेशपद्धती वरचेवर बदलतात, त्यामुळे सीनियरने सांगितलेलं सोडा आणि त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा.

कुठेही प्रवेश मिळाला तरी अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवरून अर्थशास्त्राचे प्रश्न तपासण्याचं शास्त्र, नीट शिकवणारा एक तरी शिक्षक तिथे आहे का, हे आजी विद्यार्थ्यांना विचारून घ्या. इमारत, हॉस्टेल, प्लेसमेंट हे त्यानंतर.

पायरी ३ : एक तक्ता उघडा

ही पायरी कोणत्याच अभ्यासक्रमात नाही आणि मला विचाराल तर सगळ्यात मोलाची हीच आहे. कुठलंही एक पीक किंवा वस्तू घ्या, जिच्याबद्दल तुम्हाला घरातून काहीतरी माहीत आहे. मी निफाडकडचा, म्हणून द्राक्षं. जगातल्या प्रत्येक वस्तूला सीमाशुल्काच्या भाषेत एक क्रमांक असतो, एचएस कोड. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे देशागणिक वेगळे. भारत आठ आकडी कोड वापरतो. ताजी द्राक्षं ०८०६१०, बेदाणे ०८०६२०, ताजा कांदा ०७०३१०. संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेडवर किंवा आपल्या वाणिज्य मंत्रालयाच्या डेटा बँकेत जा, कोड टाका, भारताची दहा वर्षांची निर्यात देशवार काढा.

मी हा तक्ता पहिल्यांदा काढला तेव्हा युरोपातल्या ग्राहकांत नेदरलँड्स सगळ्यांच्या पुढे दिसलं. एका कार्यशाळेत मी ते ऐटीत मांडलं, डच माणसाचं दरडोई उत्पन्न, त्याची आवड, अशी कारणंही जोडली. मागच्या रांगेत एक द्राक्ष निर्यातदार बसले होते. त्यांनी हात वर केला आणि फार शांतपणे म्हणाले, "सर, माल रॉटरडॅमला उतरतो. खातं कोण ते वेगळं." बंदरात उतरलेला कंटेनर ट्रकवर चढून जर्मनीत किंवा आणखी कुठे जातो, आणि आमच्या तक्त्यात मात्र सगळी द्राक्षं डच लोकांनी खाल्लेली. त्या दिवशी मला जे कळलं ते दोन सत्रांच्या व्यापार सिद्धांतात कळलं नव्हतं.

आता त्याच तक्त्याची आणखी उलटतपासणी करा. भारताने नेदरलँड्सला किती पाठवलं हे भारताच्या नोंदीत पाहा, आणि नेदरलँड्सने भारताकडून किती घेतलं हे त्यांच्या नोंदीत. दोन्ही आकडे एकच असायला हवेत ना? नसतात. आपला आकडा एफओबी, म्हणजे बंदरात जहाजावर चढेपर्यंतची किंमत. त्यांचा सीआयएफ, म्हणजे भाडं आणि विमा धरून. शिवाय माल इथून मार्चअखेर निघतो आणि तिथे एप्रिलमध्ये पोचतो. तिसरी मेख वर्षाची. वाणिज्य मंत्रालयाचं वर्ष एप्रिल ते मार्च, कॉमट्रेडचं जानेवारी ते डिसेंबर. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल, म्हणजे आर्थिक वर्षाची कात्री बरोबर हंगामाच्या पोटातून जाते. एप्रिलमध्ये गेलेला माल पुढच्या वर्षात मोजला जातो. हे न पाहता "यंदा निर्यात वाढली" असं लिहिणाऱ्या बातम्या मग वेगळ्याच वाटायला लागतात.

एक बारकी सूचना. फाइल एक्सेलमध्ये उघडलीत की ०८०६१० मधलं पहिलं शून्य गायब होतं आणि ८०६१० उरतं. मग दुसऱ्या फाइलशी जुळवताना फळं-भाज्या कापल्या जातात आणि यंत्रसामग्री शिल्लक राहते, कारण तिचे कोड ८४ ने सुरू होतात. कोड हा आकडा म्हणून नको, मजकूर म्हणून वाचून घ्या. हसू नका, याने माझे तीन आठवडे खाल्ले आहेत.

सॉफ्टवेअर कुठलं हा प्रश्न इथे येतोच. स्टेटा या क्षेत्रात जास्त चालतं पण विकत घ्यावं लागतं, आर फुकट आहे. एक नीट शिका. एक्सेलमध्ये हाताने बदल मात्र करू नका. प्रत्येक बदल कोडमध्ये लिहिलेला असू द्या.

पायरी ४ : दोन शोधनिबंध शेजारी ठेवून वाचा

पाठ्यपुस्तकं लागतातच. रिकार्डोचा १८१७ सालचा तुलनात्मक लाभ, हेक्शर-ओलिन आणि क्रुगमन यांची व्यापाराची प्रतिमानं, मेलिट्झचा २००३ चा निबंध, आणि टिनबर्गेनने १९६२ साली मांडलेलं गुरुत्वाकर्षणाचं प्रतिमान, ज्यात दोन देशांची अर्थव्यवस्था जितकी मोठी तितका व्यापार जास्त आणि अंतर जितकं लांब तितका कमी. ते क्लासमध्ये होईल. क्लासमध्ये न होणारी गोष्ट म्हणजे भांडणारे निबंध वाचणं.

एक जोडी सांगतो. १९९१ नंतर भारताने आयात शुल्क झपाट्याने खाली आणलं. १९९० मध्ये सरासरी ८० टक्क्यांच्या वर असलेलं शुल्क १९९६ पर्यंत ३७ टक्क्यांच्या आसपास आलं. पेटिया तोपालोव्हा यांनी विचारलं, ज्या जिल्ह्यांतल्या उद्योगांना ही कपात जास्त झोंबली, तिथल्या गरिबीचं काय झालं? उत्तर आलं की अशा ग्रामीण जिल्ह्यांत गरिबी कमी वेगाने घटली. राणा हसन, देवाशिष मित्रा आणि बेयझा उरल यांनी राज्यपातळीवर जवळपास तोच प्रश्न घेतला, आणि त्यांना तसा दुष्परिणाम दिसला नाही. कामगार कायदे लवचिक असलेल्या राज्यांत तर उलटंच चित्र दिसलं. देश तोच, सुधारणा त्याच. मग फरक कुठून आला? जिल्हा घेतला की राज्य, शुल्काचा भार मोजताना ज्यांच्या धंद्याचा आयातीशी थेट संबंध नाही अशा शेजारच्या सलूनवाल्याला आणि गवंड्याला कसं धरलं, माणसं एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जातात की नाही. दोन्ही निबंध आणि त्यांची परिशिष्टं घेऊन बसा, आणि कोण कशाची कशाशी तुलना करतंय हे एका पानावर मराठीत लिहा. मराठीत अशासाठी, की इंग्रजी वाक्य उचलून ठेवलं की समजल्याचा भास होतो.

आणि हे लक्षात घ्या की तोपालोव्हा "उदारीकरणाने गरिबी वाढली" असं म्हणत नाहीत. त्या एका जिल्ह्याची दुसऱ्या जिल्ह्याशी तुलना करतायत. अख्ख्या देशाचं काय झालं याचं उत्तर त्या पद्धतीतून निघतच नाही. मुलाखतींपासून वर्तमानपत्री लेखांपर्यंत सगळीकडे ही गल्लत होते.

तिसरा निबंध केवळ मजेसाठी म्हणून वाचा. ब्रिटिश काळात रेल्वे आली त्याने व्यापार खरंच स्वस्त झाला का, हे डेव्ह डोनाल्डसन यांना मोजायचं होतं. तेव्हाचा वाहतूकखर्च कोण लिहून ठेवणार? त्यांनी मीठ धरलं. मिठाचे प्रकार ठरलेले, एकेक प्रकार एकाच ठिकाणी पिकायचा, आणि मिठावर कर असल्याने सरकार त्याचे भाव जिल्ह्याजिल्ह्यांत टिपून ठेवायचं. मूळ ठिकाणचा भाव आणि लांबच्या जिल्ह्यातला भाव यातला फरक म्हणजेच ते मीठ तिथवर नेण्याचा खर्च. बस्स. एवढी एक युक्ती सुचायला किती दफ्तरं चाळली असतील याची कल्पना करा. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या पुराभिलेखागारात असे कागद कमी नाहीत, आणि मोडी वाचता येणारा अर्थशास्त्रज्ञ मला अजून भेटायचाय.

पायरी ५ : कुणाच्या तरी हाताखाली काम

एमएनंतर लगेच पीएचडी करण्याऐवजी एक-दोन वर्षं संशोधन सहायक म्हणून काढा. याला आता प्रीडॉक म्हणतात. गरिबीवरचे उपाय प्रयोगाने तपासणाऱ्या जे-पॅल दक्षिण आशियासारख्या संस्था, विद्यापीठांतले प्रकल्प, परदेशातले प्राध्यापक, सगळे माणसं घेतात. काम कष्टाचं आणि बरंचसं कंटाळवाणं असतं. मिळतं ते हे, की निबंध छापून येतो तेव्हा कसा दिसतो आणि बनत असताना कसा दिसतो यातलं अंतर कळतं. आणि तुम्हाला खरोखर काम करताना पाहिलेला एक माणूस मिळतो, जो पुढे शिफारसपत्र लिहील.

शिफारसपत्रांवरून एक सांगून टाकतो. प्राचार्यांचं किंवा विभागप्रमुखांचं पत्र वजनदार असतं हा आपल्याकडचा गैरसमज आहे. "हा विद्यार्थी नियमित, नम्र व सालस आहे" या वाक्याचा तिकडे काडीचा उपयोग नाही. तुमच्या प्रबंधातली चूक ज्याने काढली आणि ती तुम्ही कशी सुधारली हे जो लिहू शकेल, त्याचं पत्र घ्या, मग तो कितीही कनिष्ठ असो.

पायरी ६ : इथे की बाहेर

अमेरिकेतली पीएचडी पाच-सहा वर्षांची. बऱ्या विद्यापीठांत फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो, त्यामुळे जिथे पैसे मागतात तिथे पीएचडीला जाऊ नका. अर्ज डिसेंबरमध्ये, उत्तरं फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि १५ एप्रिलपर्यंत तुम्ही होकार कळवायचा. अर्जाची फी दर ठिकाणी वेगळी भरावी लागते आणि दहा-बारा ठिकाणी केलं की आकडा टोचतो. अनेक विद्यापीठं अडचण कळवल्यास फी माफ करतात. लाजू नका, लिहा. युरोपात बहुधा आधी दोन वर्षांची मास्टर्स, मग पीएचडी. नेदरलँड्ससारख्या देशात तर पीएचडीचा विद्यार्थी पगारी नोकरच असतो.

इथे करायची तर पैशाची बाजू आधी लावा. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची अधिछात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, हे २०२३ पासूनचे दर. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. बाहेर जाणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ही रक्कम वेळेवर येईलच असं धरून खोली भाड्याने घेऊ नका. हातात चार-पाच महिन्यांचं पाठबळ ठेवा.

पैशाच्या अडचणीवरून आठवतं. बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यावर डॉ. आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं होतं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून, पैसे साठवून ते पुन्हा गेले आणि रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ साली पुरा झाला. आपण त्यांना अर्थशास्त्रज्ञ म्हणून क्वचितच वाचतो. रुपया घसरला की निर्यातदाराचं भलं होतं खरं, पण भाव वाढतात तशी मजुरी वाढत नाही, म्हणून त्या भल्याची किंमत मजूर मोजतो, हा त्यांचा मुद्दा आजच्या व्यापार-विकासाच्या वर्गात जसाच्या तसा शिकवता येतो.

पायरी ७ : विषयाचा प्रश्न करणं

पीएचडीचं पहिलं वर्ष कोर्सवर्कमध्ये जातं, दुसऱ्यात आपल्या शाखेचे पेपर. तिथे कोणी तरी वेळापत्रक आखून दिलेलं असतं, त्यामुळे माणूस धावतो. तिसऱ्या वर्षी वेळापत्रक संपतं. सकाळी उठून कुठे जायचं हेच ठरलेलं नसतं. बहुतेकांची गाडी इथे रुतते. त्याला कारण आळस नव्हे, हातात विषय असतो पण प्रश्न नसतो.

उदाहरण घेऊ. "कांदा निर्यातबंदीचा परिणाम" हा विषय झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आली, डिसेंबरमध्ये थेट बंदी, आणि मे २०२४ मध्ये ती अटींसह उठली. लासलगावचे भाव बंदीनंतर पडले. झालं का सिद्ध? नाही. डिसेंबर म्हणजे लाल कांद्याची आवक वाढायचा काळ. बंदी नसती तरी भाव उतरले असतेच. मग किती उतरले असते? इथून प्रश्न सुरू होतो. मागच्या पाच-सात वर्षांतल्या डिसेंबरशी ताडून पाहायचं? पण दरवर्षीचा पाऊस वेगळा. जिथला कांदा फारसा निर्यात होत नाही अशा राज्यातल्या बाजारांशी तुलना करायची? पण नाशिकचा माल अडला की तो तिकडेच वळतो, म्हणजे तिथलाही भाव बंदीनेच हलला. ज्याच्याशी तुलना करायची तोच भिजलेला. याच्यावर वाट काढणं म्हणजे प्रबंधाचा एक अध्याय. बाजारसमित्यांची रोजची आवक आणि भाव ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. पण लाल कांदा, रांगडा आणि उन्हाळ यात फरक काय, चाळीत साठवतात तो कोणता, हे तिथे लिहिलेलं नसतं. ते ज्याला घरातून माहीत आहे तो इथे दोन पावलं पुढे असतो.

द्राक्षांतही असाच एक प्रश्न दडलाय. २०१० साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात त्या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि युरोपात माल अडला. पुढे तपासण्या कडक झाल्या. त्या कडकपणाने कोण टिकलं, दोन एकरवाला की वीस एकरवाला? ज्याला हवा त्याने घ्यावा. हा टॉपिक नाही, प्रश्न आहे, म्हणून देतोय.

गाइडबद्दल थोडं. भेटीला जाताना एक पान लिहून न्या: गेल्या वेळेपासून काय केलं, कुठे अडलं, काय विचारायचंय. "सर, चाललंय" या उत्तरावर चार वर्षं काढलेले लोक आहेत. आणि गाइड निवडताना त्यांच्या हाताखालून किती जण प्रबंध पुरा करून बाहेर पडले हे विचारा. नाव मोठं असून भेटायला वेळ नसलेल्यापेक्षा दर पंधरवड्याला तुमचा मसुदा लाल करणारा बरा.

पायरी ८ : नोकरी

परदेशी विद्यापीठांचा बाजार वर्षातून एकदा भरतो, अगदी लासलगावसारखा. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या जेओई या जाहिरात-फलकावर ऑगस्टपासून जागा येतात. अर्ज नोव्हेंबरात, मुलाखती डिसेंबर-जानेवारीत. या मुलाखती पूर्वी परिषदेच्या हॉटेलांमधल्या खोल्यांत व्हायच्या, आता पडद्यावर होतात. त्यातून निवडलेल्यांना विद्यापीठ बोलावून घेतं आणि सव्वा-दीड तास सगळा विभाग त्यांना प्रश्न विचारतो. या सगळ्याला एकच निबंध पुढे करायचा असतो, जॉब मार्केट पेपर. संघटना उमेदवाराला दोन संकेत पाठवू देते, "मला तुमच्याकडे खरंच यायचंय" असं सांगणारे. ते अव्वल ठिकाणी खर्च करू नका. जिथे तुम्ही येणार नाही असं त्यांना वाटेल, तिथे पाठवा.

इथला बाजार निराळा. सहायक प्राध्यापकाची सुरुवात दहाव्या वेतनस्तरावर, मूळ वेतन ५७,७०० रुपये. २०२३ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमाने नेट किंवा राज्यपातळीवरची सेट ही किमान अट केली. सेट महाराष्ट्रात पुणे विद्यापीठ घेतं. पण अट पुरी होणं आणि जागा निघणं यात बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची याचा तक्ता), मंजुरी, स्थगिती असं बरंच काही येतं, आणि तोवर बहुतेक जण तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवत असतात. दोन-तीन कॉलेजांच्या फेऱ्या मारून संशोधन होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. त्या काळात जमल्यास शिकवणं एकाच ठिकाणी ठेवा आणि आठवड्यातला एक दिवस कोणालाही देऊ नका. विद्यापीठाबाहेरही दारं आहेत: रिझर्व्ह बँकेचा संशोधन विभाग, दिल्लीतल्या धोरणसंस्था, खासगी विद्यापीठं. तिथे तुम्ही डेटा कसा हाताळता हे बघतात.

पायरी ९ : छापून येणं

डोनाल्डसन यांचा तो मिठाचा निबंध कार्यपत्र म्हणून २०१० साली बाहेर आला, आणि अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये छापून आला २०१८ मध्ये. मधल्या काळात, २०१७ साली, त्यांना चाळिशीच्या आतल्या अर्थशास्त्रज्ञांना मिळणारं जॉन बेट्स क्लार्क पदकही मिळालं होतं. अर्थशास्त्रातला काळ हा असा चालतो. सुरुवातीला जर्नल ऑफ इंटरनॅशनल इकॉनॉमिक्स किंवा जर्नल ऑफ डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्सवर नजर ठेवा, आणि भारतीय धोरणाबद्दल बोलायचं असेल तर मुंबईहून निघणारं इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली (ईपीडब्ल्यू) आहेच. मराठीत लिहा. मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या अधिवेशनात आपलं काम आपल्या भाषेत मांडून पाहा. पैसे घेऊन पंधरा दिवसांत छापणाऱ्या जर्नलांकडे मात्र फिरकू नका. बढतीचे गुण मिळतील, पण पुढे ज्या समितीने तुमचं काम वाचावं असं तुम्हाला वाटेल ती ती यादी पाहून पान उलटेल.

नकार येतील. पॉल क्रुगमन यांचा १९७९ चा निबंध, ज्याच्या जोरावर पुढे २००८ साली नोबेल मिळालं, तो एका मोठ्या नियतकालिकाने परत पाठवला होता. जर्नल ऑफ इंटरनॅशनल इकॉनॉमिक्सकडे आला तेव्हा तिथल्या परीक्षकांचे शेरेही प्रतिकूल होते. संपादक होते जगदीश भगवती. त्यांनी तो तरीही छापला. निबंध जेमतेम अकरा पानांचा, आणि त्याच्या पोटातलं यंत्र दीक्षित आणि स्टिग्लिट्झ यांनी १९७७ साली बनवलेलं. भगवती आणि दीक्षित, दोघेही मुंबईत जन्मलेले. पण असा संपादक दरवेळी भेटत नाही, तेव्हा परीक्षकाच्या प्रत्येक शेऱ्याला क्रमांक देऊन उत्तर लिहायची सवय लावा, तो चुकीचा असला तरी. परीक्षक चुकला असेल तर तुमचंच लिहिणं धूसर होतं असं समजा.

आणखी एक कारकुनी पण महागात पडणारी गोष्ट. अर्थशास्त्रात लेखकांची नावं बहुधा आडनावाच्या वर्णक्रमाने येतात, काम कोणी जास्त केलं याने नाही. आपल्याकडच्या गुणपद्धतीत पहिल्या लेखकाला जास्त गुण मिळतात, त्यामुळे वाघमारे, वाकडे, यादव ही मंडळी हकनाक मागे पडतात. सहलेखकांकडून योगदानाचं पत्र निबंध स्वीकारला गेला त्याच आठवड्यात सहीनिशी घेऊन ठेवा.

निबंध स्वीकारला गेल्यावरही काम संपत नाही. चांगली नियतकालिकं आता डेटा आणि कोड मागतात, आणि त्यांचा माणूस तो आपल्या संगणकावर पहिल्यापासून चालवून पाहतो. माझ्याकडे पहिल्यांदा असं पत्र आलं त्यात एकच ओळ होती: तक्ता ३ मधल्या नोंदी आमच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त येतायत, सुमारे दीडशेने. दोन रात्री शोधल्यावर सापडलं. सहा वर्षांपूर्वी एक्सेलमध्ये उघडलेली एक फाइल, आणि द्राक्षांच्या कोडमधलं पहिलं शून्य.